शेवटचा ठाव



एकदा मी गावाकडची चाळीस-पन्नास मंडळी घेऊन पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात आलो होतो. सकाळभर रोपवाटिका, फळबाग पाहून झाली आणि दुपारी आम्ही झाडाखाली भाकरी सोडून बसलो. तेवढ्यात लोहगावच्या बाजूने एक विमान डोक्यावरून गेले. सगळ्यांनी माना वर केल्या. आमच्यातल्या एका आजींनी हातातला कांदा खाली ठेवला आणि मला विचारले, "सायेब, एवढं मोठं इमान समुद्रात हरवतंच कसं? आमची शेळी हरवली तर दिवस मावळायच्या आत घावती."

आजींचा प्रश्न सहज आलेला नव्हता. त्यांचा थोरला नातू बारावी झालेला. नौदलात भरती व्हायचे त्याने मनात घेतले होते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते की नौदलाची विमाने समुद्रात पडतात आणि मग माणसे सापडत नाहीत. तेव्हापासून म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्या दिवशी मी त्यांना चार शब्द सांगितले, पण माझे माझ्याच मनाचे समाधान झाले नाही. मी शेतीखात्याचा माणूस. विमानाचे शास्त्र माझे नव्हे. तरी नंतर जे वाचले, जाणत्यांना विचारून समजून घेतले, ते तुमच्यापुढे मांडतो आहे. आज खेडोपाडीच्या कितीतरी घरांतली मुले आणि आता मुलीही सैन्यात, नौदलात, हवाई दलात आहेत. शिवाय समुद्रात हरवलेल्या विमानाच्या शोधातून आपल्या शिवारासाठीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती शेवटी सांगतो.

गोव्याची ती रात्र

२४ मार्च २०१५ ची गोष्ट. गोव्यात दाबोळीला नौदलाचा हंसा नावाचा विमानतळ आहे. तिथून रात्री डॉर्नियर जातीचे एक छोटे विमान सरावासाठी निघाले. डॉर्नियर म्हणजे दोन पंख्यांचे, किनाऱ्यावर आणि समुद्रावर टेहळणी करणारे विमान. मूळ बनावट जर्मनीची, पण आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात ते तयार होते. पोटाखाली रडार असते. त्यावर अंधारातसुद्धा खालच्या बोटी ठिपक्यांसारख्या दिसतात.

विमानात तिघे होते. वैमानिक कमांडर निखिल जोशी, सहवैमानिक लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि निरीक्षक म्हणून लेफ्टनंट किरण शेखावत. निरीक्षकाचे काम रडारवर नजर ठेवण्याचे, वाट दाखवण्याचे आणि खाली काय चालले आहे ते टिपण्याचे. आपल्या भाषेत सांगायचे तर वैमानिकाच्या हाती कासरा आणि निरीक्षकाची नजर बांधावर.

रात्री दहा वाजून आठ मिनिटांच्या सुमारास हे विमान गोव्याच्या नैर्ऋत्येला सुमारे २५ सागरी मैलांवर समुद्रात कोसळले. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तेव्हा हे अंतर झाले साधारण ४६ किलोमीटर. पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवतच्या आसपास पोहोचावे, तेवढे. म्हटले तर जवळ, पण रस्त्यावर यवतला जाणे वेगळे आणि काळोख्या रात्री पाण्यात तेवढे अंतर शोधणे वेगळे.

सकाळपर्यंत बातमी आली की एक जण वाचला आहे. कमांडर जोशी यांना पाण्यातून वर काढले ते तिथे जवळपास असलेल्या मासेमारीच्या बोटीने. पुढे त्यांना नौदलाच्या ताब्यात देण्यात आले. बाकीच्या दोघांचा शोध नौदल आणि तटरक्षक दल घेत राहिले. दोन दिवसांनी, २६ मार्चला, समुद्रतळाशी विमानाचा सांगाडा सापडला. खोली सुमारे ६० मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दोनशे फुटी बोअरवेलएवढी. त्या सांगाड्यातच लेफ्टनंट किरण शेखावत यांचा देह मिळाला. लेफ्टनंट नागोरी यांचा देह त्यानंतर काही दिवसांनी हाती लागला.

किरण शेखावत त्या वेळी अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या. वडील नौदलात, पती नौदलात. त्याच वर्षी २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात नौदलाची सर्व महिलांची तुकडी पहिल्यांदा चालली, तिच्यात त्या होत्या. दोन महिन्यांच्या आत ही घटना घडली. कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या नौदलाच्या त्या पहिल्या महिला अधिकारी म्हणून त्यांची नोंद झाली. हरियाणातल्या कुर्थला या सासरच्या गावी त्यांच्यावर मानाने अंत्यसंस्कार झाले. तेही आपल्यासारखेच एक खेडे.

कुणी विचारील, युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, मग रात्रीच्या वेळी समुद्रावर जायचे कशाला? त्याचे उत्तर असे की ज्याला रात्री काम करायचे आहे त्याला रात्रीच शिकावे लागते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे लोक समुद्राच्या वाटेनेच आले होते, हे आपण विसरलेलो नाही. आणि रात्रीचा समुद्र फसवा असतो. चंद्र नसला, ढग असले की वर काळे, खाली काळे, आभाळ कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते ते डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी डोळ्यांवर नव्हे, तर समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायला शिकावे लागते. ते शिकण्यासाठीच सराव असतो, आणि सरावातही धोका असतोच.

हरवते कसे?

आता आजींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. कागद-पेन्सिल घेऊन मुलांना करायला सांगा.

समजा विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने चालले आहे. त्याचा शेवटचा निरोप आला आणि दहा मिनिटांनी लक्षात आले की आता उत्तर येत नाही. दहा मिनिटांत ते ५० किलोमीटर जाऊ शकते. कोणत्या दिशेला गेले ते माहीत नसेल, तर शेवटच्या निरोपाची जागा मध्यभागी धरून ५० किलोमीटरचे वर्तुळ काढावे लागते. त्या वर्तुळाचे क्षेत्र भरते सुमारे ७,८५० चौरस किलोमीटर. आपला सबंध पुणे जिल्हा, वेल्ह्यापासून इंदापूरपर्यंत, १५,६४३ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे अवघ्या दहा मिनिटांच्या अज्ञानापायी निम्मा पुणे जिल्हा शोधावा लागतो, आणि तोही पाण्याने भरलेला.

त्या निम्म्या जिल्ह्यात शोधायचे काय? पाण्यात तरंगणारे माणसाचे डोके. ते लांबून नारळाएवढेही दिसत नाही. लाटा असतील तर घटकेत दिसते, घटकेत नाहीसे होते.

बरे, ते एका जागी थांबतही नाही. प्रवाह ताशी दोन किलोमीटर आहे असे धरू. पहिल्या तासाला माणूस पडल्या जागेपासून दोन किलोमीटरच्या आत कुठेतरी असतो. ते क्षेत्र साडेबारा चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे १,२५० हेक्टर. एखाद्या मोठ्या गावाचे शिवार म्हणा. सहा तासांनी तोच घेर बारा किलोमीटरचा होतो आणि क्षेत्र होते ४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे ४५,००० हेक्टरांहून जास्त. वेळ सहापट झाली, पण शोधायचे रान छत्तीसपट झाले. म्हणून शोध घेणारे लोक सर्वांत आधी दोन गोष्टी विचारतात. शेवटचा ठाव कोणता? आणि वेळ काय होती? ही दोन उत्तरे नक्की असतील तर शोध आटोक्यात राहतो. त्यातले एक जरी चुकले, तरी जहाजे आणि विमाने भलत्याच पाण्यात फिरत राहतात.

शेळी दिवस मावळायच्या आत घावते, ती कशामुळे? ती कुणाच्या रानात चरत होती हे राखण्याला माहीत असते, आणि वाटेत चार माणसे भेटतात ती सांगतात की ओढ्याच्या अंगाला गेली. समुद्रात सांगणारे कुणी नसते.

पाण्याखालची टिकटिक

ही अडचण ओळखून विमानात हाक मारणारी यंत्रे बसवतात. ती दोन तऱ्हेची असतात. एक यंत्र धक्का बसताच आपोआप रेडिओचा संदेश आभाळात पाठवते. तो उपग्रह पकडतो आणि जमिनीवरच्या केंद्राला ठिकाण कळवतो. पण रेडिओच्या लहरींना खारे पाणी मानवत नाही. यंत्र पाण्याखाली गेले की त्याचा आवाज बंद.

म्हणून दुसरे यंत्र असते. ते पाण्यात पडल्यावर जागे होते आणि साधारण सेकंदाला एक अशी टिकटिक करत राहते. हा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. जहाजाच्या किंवा पाणबुडीच्या यंत्रालाच तो कळतो, तेही काही किलोमीटरांच्या आत असले तर. त्याची बॅटरी पूर्वापार महिनाभर चालणारी असे. अलीकडे नव्वद दिवसांच्या बॅटऱ्या आल्या आहेत.

या टिकटिकीचा उपयोग कसा होतो ते त्याच वर्षी दिसले. ८ जून २०१५ ला तटरक्षक दलाचे असेच एक डॉर्नियर चेन्नईहून टेहळणीला गेले आणि परतताना तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ बेपत्ता झाले. त्यातही तिघे अधिकारी होते. दिवसांमागून दिवस गेले. शेवटी नौदलाच्या सिंधुध्वज या पाणबुडीने ती टिकटिक ऐकली. मग तेलविहिरींच्या कामासाठी असलेले ऑलिंपिक कॅनियन नावाचे जहाज तिथे नेले. दोरखंडाला बांधलेले, कॅमेरा लावलेले यंत्र खाली सोडले आणि जुलै महिन्यात जवळजवळ एक हजार मीटर खोलीवर विमानाचे अवशेष आणि उड्डाणाची नोंद ठेवणारी पेटी सापडली. तिघांच्याही वाट्याला मरणच आले होते. पण घरच्यांची टांगणीला लागलेली महिन्याभराची वाट तरी संपली.

निगडीच्या घरची वाट

काही घरांच्या वाट्याला मात्र फार लांबची वाट येते. हे उदाहरण आपल्या पुण्याच्या अगदी शेजारचे आहे.

२२ जुलै २०१६ ला हवाई दलाचे ए-एन ३२ हे मालवाहू विमान सकाळी साडेआठच्या सुमारास चेन्नईजवळच्या तांबरम येथून अंदमानात पोर्ट ब्लेअरला निघाले. ते टेहळणीचे नव्हते. माणसे आणि सामान ने-आण करणाऱ्या नेहमीच्या फेरीवर होते. आत २९ जण होते. त्यांतले वाट दाखवणारे अधिकारी, म्हणजे नॅव्हिगेटर, होते फ्लाइट लेफ्टनंट कुणाल बारपट्टे, पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीचे. निघाल्यानंतर पाऊण तासात बंगालच्या उपसागरावर हे विमान रडारवरून नाहीसे झाले.

जहाजे, विमाने, पाणबुडी, उपग्रह, सगळे कामाला लावले. पण तिथला समुद्र तीन हजार मीटरांहून खोल. आपला कळसूबाईचा डोंगर १,६४६ मीटर उंच आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्या पाण्यात बुडून वर पाणी उरेल. शोधाला यश आले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये हवाई दलाने सर्व २९ जणांना मृत मानावे लागत असल्याचे घरच्यांना कळवले. देह नाही, वस्तू नाही, जागा नाही. दिवस घालायचे तर कशाच्या आधारावर, असा प्रश्न घराघरांत पडला असेल. ज्यांच्या घरचे माणूस नदीच्या पुरात गेले आणि मिळाले नाही, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे साडेसात वर्षे गेली. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने आपोआप चालणारे, खोल पाण्यात जाणारे एक यंत्र मिळवले होते. त्या यंत्राने शेवटचा निरोप आलेल्या भागात समुद्रतळ तपासला. चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे १४० सागरी मैलांवर, ३,४०० मीटर खोलीवर त्याने छायाचित्रे घेतली. त्यांत विमानाचे तुकडे दिसले. त्या भागात दुसरे कोणतेही विमान हरवल्याची नोंद नव्हती आणि तुकड्यांची ठेवण ए-एन ३२ शी जुळली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने हे जाहीर केले. माणसे परत आली नाहीत, येणारही नव्हती. तरी आपला मुलगा कोणत्या पाण्याखाली आहे एवढे तरी आईबापांना कळले.

शोध कुठे घ्यायचा हे कशावरून ठरले, ते लक्षात घ्या. साडेसात वर्षांनीसुद्धा सुरुवात करावी लागली ती शेवटच्या ठावापासूनच.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती शेतकऱ्याच्या घराला फार नडते. सैन्यातल्या माणसाच्या मागे त्याचे खाते उभे राहते, चौकशी करते, कागद देते. आपल्या घरचे माणूस पुरात किंवा परगावी बेपत्ता झाले आणि देह मिळाला नाही, तर कायद्याची वाट लांब आहे. ज्यांना खबर असायला हवी त्यांना सात वर्षे माणसाची काहीच खबर लागली नाही, तर न्यायालय त्याला मृत मानू शकते, असा जुना नियम आहे आणि नव्या साक्ष कायद्यातही तो राहिला आहे. तोवर मृत्यूचा दाखला अडतो, दाखला नाही म्हणून वारसनोंद अडते आणि सातबारावरचे नाव तसेच राहते. म्हणून माणूस बेपत्ता होताच त्याच दिवशी पोलीस ठाण्यात खबर द्या. शेवटचे कुठे आणि किती वाजता पाहिले ते लिहून घ्यायला लावा आणि त्या कागदाची प्रत जपून ठेवा. सात वर्षे मोजायची झाली तर ती कुठून मोजायची, हे ठरवायला तो कागद लागतो.

कोळ्यांची होडी

गोव्याच्या घटनेत माझ्या मनाला सर्वांत लागून राहिली ती मासेमारीची बोट. नौदलाजवळ जहाजे होती, विमाने होती. पण बुडत्या माणसापर्यंत आधी पोहोचली ती पोटासाठी जाळे टाकणाऱ्यांची बोट. का? तर ती जवळ होती म्हणून, आणि बोटीवरच्यांनी हातातले काम टाकून मदत केली म्हणून.

एरवी हा व्यवहार उलट दिशेने चालतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ आले. द्राक्षबागाईतदारांना त्या डिसेंबरातला अवकाळी पाऊस आठवत असेल. त्या वादळात केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार खोल समुद्रात अडकले. त्यांना शोधायला नौदल आणि तटरक्षक दलाची विमाने दिवसचे दिवस समुद्रावर फिरली. कितीतरी बोटी वाहत, भरकटत आपल्या सिंधुदुर्गात देवगड बंदरात आसऱ्याला आल्या आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना जेवूखाऊ घातले. म्हणजे एरवी विमानवाला कोळ्याला शोधतो आणि २०१५ च्या त्या रात्री कोळ्यांनी विमानवाल्याला उचलले. समुद्रावर ही रीत जुनी आहे. बुडत्याला वर काढताना त्याची जात, भाषा, गाव कुणी विचारत नाही.

आपल्या शिवारात

आता आपल्याकडे या. बंधूंनो, आपले रान समुद्राएवढे नाही, पण रात्रीचे रान काही कमी फसवे नसते.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. पावसाळ्याचे दिवस होते, नदीला पाणी चढत होते. एक शेतकरी रात्री अकराच्या सुमारास घरातून निघाला. पहाटेपर्यंत आला नाही. घरच्यांनी आणि गावाने एकच अंदाज बांधला, की मोटार काढायला नदीवर गेला असणार. दोर, कंदील, बॅटऱ्या घेऊन पन्नास माणसे नदीकाठाने खाली दोन कोस गेली. कारभारीण ओट्यावर बसून होती, तिच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. मी सकाळी सातला पोहोचलो तेव्हा लोक देहच शोधत होते.

त्या गर्दीत त्यांची सात वर्षांची मुलगी दाराला टेकून उभी होती. तिला कुणी काही विचारले नव्हते. शेजारच्या म्हातारीने तिला चहा-चपाती द्यायला जवळ घेतले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा वरच्या पाणंदीनं गेल्यात. म्हणालं, ताल फुटलीया, आलोच." बाप जाताना तिला सांगून गेला होता. ती अर्धवट झोपेत होती, पण तिने ऐकले होते.

सगळा गाव उलट दिशेला पळाला. वरच्या रानात, फुटलेल्या तालीखालच्या ओघळीत हा गडी पडलेला होता. मांडीचे हाड मोडलेले, रात्रभर पावसात भिजून अंग लाकडासारखे झालेले, पण जीव होता. घरापासून अर्ध्या मैलाच्या आत. नदीकाठी जे सात-आठ तास गेले, ते आणखी चार तास गेले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. पुढे तो बरा झाला. आजही थोडा लंगडत चालतो आणि मी गेलो की आधी मुलीला हाक मारून चहा ठेवायला सांगतो.

शेवटचा ठाव घरातच होता, पण तो विचारला गेला नाही.

शेतीपंपाला रात्रीची लाईट असली की आपली माणसे अवेळी रानात जातात. विहिरीवर, ओढ्यापलीकडे, उसाच्या फडात. विंचू-साप, विजेची तार, घसरडी वाट, बिबट्या, काहीही असते. म्हणून समुद्रावरच्या माणसांची शिस्त आपण आपल्या घरी थोडी आणू या. त्याला पैसा लागत नाही.

एक, रानात जाताना जागेपणी असलेल्या माणसाला सांगून जा. "जातो" एवढेच नव्हे. कुठे, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत परत, हे तिन्ही सांगा.

दोन, वाट बदलली तर कळवा. नदीवर जातो म्हणून निघालात आणि मध्येच बांध पाहायला वळलात, तर फोन करा. फोन लागत नसेल तर वस्तीवर कुणाला तरी सांगा.

तीन, दाराच्या मागे खडू किंवा पाटी टांगून ठेवा. रात्री निघताना वेळ आणि जागा लिहा. लिहिता येत नसेल तर गटाची खूण करा. विहिरीसाठी गोल, नदीसाठी वेडीवाकडी रेघ, डोंगरकडच्या रानासाठी तिकोन. घरात सगळ्यांना खुणा माहीत असाव्यात.

चार, सांगितलेली वेळ टळून अर्धा तास झाला की शोध सुरू करा. "येईल की" म्हणत सकाळ करू नका. वर सांगितलेले गणित आठवा. वेळ वाढते त्याच्या कितीतरी पटीने रान वाढते.

पाच, शोधाला धावण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. लहान मूल, म्हातारे माणूस, गडी, शेजारी. मग माणसांच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीला वेगळी दिशा द्या. सगळा गाव एकाच काठाने धावला तर बाकीचे रान कोरे राहते. पोलिसांसाठी ११२ हा क्रमांक लहानथोर सर्वांना पाठ असू द्या. किनाऱ्याकडच्या वाचकांनी समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही लिहून ठेवावा.

आजींना काय सांगितले

पुन्हा त्या आजींकडे जातो. जेवणे झाल्यावर मी त्यांना खडकवासल्याची गोष्ट सांगितली. त्यांची जमीन दौंड भागात, कालव्याखाली. मी म्हटले, आजी, तुमच्या उसाला ज्या धरणाचे पाणी येते, त्याच्याच काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. सैन्य, नौदल आणि हवाई दलाचे होणारे अधिकारी तिथे शिकतात. नौदलाची मुले त्याच पाण्यात होड्या आणि शिडे हाकायला शिकतात. आता मुलीही आहेत. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ ची, सतरा जणींची. समुद्रावर जाणारा माणूस आधी अशा राखणीच्या पाण्यात शिकतो. पोहायला, बुडत्याला काढायला, आणि रोज जाताना आपला ठाव सांगून जायला. धोका नाही असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या नातवाला एकट्याला कुणी सोडत नाही. तो हरवला तर सबंध देशाची जहाजे निघतात, आणि जवळ कोळ्याची होडी असली तर तीही येते.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला. पर आदी त्याला पवायला शिकवा. आन् रोजच्या रोज आयला फोन करायचा, कुटं हाय त्यो. येवढं कबूल असंल तर माझी ना न्हाई."

यापेक्षा चांगला सल्ला मलाही देता आला नसता. नातू सध्या भरतीची तयारी करतो आहे. रोज सकाळी पाच किलोमीटर धावतो, आणि निघताना आजीला वाट सांगून जातो, असे तिच्याच तोंडून कळले.

तुम्हीही आज रात्री रानात जायला निघालात, तर घरात कोण जागे आहे ते आधी बघा. त्याला सांगा आणि मगच चपला घाला.